देव्हाऱ्यातील सुवर्णनाणी : परीक्षा, प्रत आणि जतन

लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर नाणे मांडण्याची चाल आपल्या समाजात फार जुनी आहे. कोटरा सुल्तानाबादेतील आपल्या सभासद कुटुंबांपैकी कोणाचे पूर्वज नोकरीनिमित्त, तर कोणाचे व्यापारउदीमासाठी या मुलखात आले. ज्यांच्याकडे पिढीजात असे सोन्याचे एखादे नाणे राहिले, त्यांच्या घरी ते वर्षातून एकदा डबीतून बाहेर निघते, पंचामृताने न्हाते, चिंचेने व राखेने घासले जाते आणि पुन्हा डबीत जाते. ते कोणाचे, कोणत्या टांकसाळीचे, किती साली पाडलेले, हे मात्र बहुधा कोणीच विचारीत नाही. विचार होतो तो एकाच प्रसंगी, घरात लग्न निघाले किंवा वाटणी आली म्हणजे. मग सराफ ते तराजूत टाकतो, त्या दिवसाच्या भावाने हिशेब होतो आणि नाणे मुशीत जाते. वितळलेले सोने पुन्हा घडविता येते. वितळलेला लेख पुन्हा वाचता येत नाही. म्हणून नाणे कसे ओळखावे, त्याची प्रत कशी ठरवावी व ते कसे राखावे, याचा हा लहानसा पाठ आम्ही सभासदांच्या सेवेस सादर करीत आहो.

नाणेपरीक्षेची परंपरा

ही विद्या परकी आहे असे कोणी मानू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टांकसाळीवरील ‘लक्षणाध्यक्ष’ आणि नाण्यांची पारख करणारा ‘रूपदर्शक’ असे दोन निराळे अधिकारी सांगितले आहेत. दिल्लीच्या टांकसाळीशी संबंध असलेल्या ठक्कुर फेरू याने 1318 मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ नावाचा ग्रंथ रचला व त्यात नाना प्रांतांच्या नाण्यांचे वजन, कस आणि मोल नोंदविले. ‘बावनकशी सोने’ हा आपल्या बोलण्यातील शब्दही कसोटीवरूनच आलेला आहे.

सोन्याचे नाणे आणि देवकार्य यांचा संबंध तर आपल्या अगदी शेजारी, सांचीस कोरून ठेवलेला आहे. चंद्रगुप्त द्वितीयाच्या कारकीर्दीत, गुप्त संवत् 93 मध्ये, म्हणजे इ. स. 412-13 च्या सुमारास, अम्रकार्दव नावाच्या अधिकाऱ्याने तेथील संघास ईश्वरवासक हे गाव आणि 25 दीनार दान दिले. दीनार म्हणजे त्या काळचे सोन्याचे नाणे. त्याच्या उत्पन्नातून भिक्षूंना अन्न मिळावे व रत्नगृहात दिवा जळावा, असा त्या लेखाचा आशय आहे. त्या 25 नाण्यांपैकी एकही आज कोणी दाखवू शकत नाही. पण लेख राहिला, म्हणून दान राहिले.

बयाण्याचा ठेवा

लेख वाचला जाणे आणि न जाणे यांतील अंतर एका उदाहरणाने स्पष्ट होईल. 1946 च्या फेब्रुवारी महिन्यात राजस्थानातील बयाणा गावाजवळ, त्या वेळच्या भरतपूर संस्थानात, गुप्तकालीन सुवर्णनाण्यांनी भरलेले एक तांब्याचे भांडे सापडले. महाराजांच्या शिकारीनंतर रिकामी काडतुसे वेचण्यास गेलेल्या गावच्या मुलांच्या हाती ते लागले. भांड्यात सुमारे 2,100 नाणी असावीत. त्यांतील काही शेकडा नाणी गावात वाटली जाऊन मुशीत गेली. 1,821 नाणी दरबारच्या हाती आली.

ती वाचण्याचे काम एका महाराष्ट्रीय पंडिताने केले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. डॉ. अनंत सदाशिव आळतेकर हे कोल्हापूरकडचे. त्यांचे अध्यापन मात्र काशी व पाटणा येथे झाले. त्यांनी केलेली या ठेव्याची सविस्तर सूची 1954 मध्ये प्रसिद्ध झाली. वीणा वाजविणारा समुद्रगुप्त, अश्वमेधाचा घोडा, घोड्यावर स्वार झालेला राजा, असे अनेक प्रकार त्यात वर्णिले आहेत. ‘चक्रविक्रम’ प्रकारचे नाणे, ज्यावर साक्षात् चक्रधारी पुरुष राजाला प्रसाद देत आहे, ते तर या ठेव्यामुळेच प्रथम प्रकाशात आले. त्या प्रकारचे एकच नाणे त्यात होते. ते एक जर त्या काही शेकड्यांत असते, तर? मुशीत गेलेल्यांपैकी आणखी कोणता प्रकार कायमचा नाहीसा झाला, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

ओळख : तीन प्रश्न

नाणे हाती आले की क्रमाने तीन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न, वजन किती? सराफाच्या बारीक काट्यावर वजन करून घ्यावे व लिहून ठेवावे. शिवछत्रपतींचा होन सुमारे 2.8 ग्रॅम, विजयनगरचा वराह सुमारे 3.4 ग्रॅम, व्हेनिसची पुतळी सुमारे 3.5 ग्रॅम, इंग्रजी गिनी 7.98 ग्रॅम, मोगल मोहर सुमारे 10.9 ग्रॅम आणि ईस्ट इंडिया कंपनीची 1835 व 1841 ची मोहर 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा भरते. झिजेमुळे वजन थोडे कमी भरेल. अधिक भरल्यास मात्र शंका घ्यावी.

दुसरा प्रश्न, लेख काय? शिवरायांचा होन 1674 च्या राज्याभिषेकाशी निगडित आहे. त्याच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. तांब्याची शिवराई पुष्कळ सापडते. सोन्याचा होन अत्यंत दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकला बाजारात भरपूर आहेत. कृष्णदेवरायाच्या नाण्यावर नागरीत ‘श्री प्रताप कृष्ण राय’ असे वाचता येते. पुतळीवर दोन मानवाकृती दिसतात. त्यांत गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती संत मार्ककडून ध्वज घेत आहे. हे नाणे 1284 पासून 1797 पर्यंत पाडले गेले व व्यापारामार्गे इकडे येऊन आपल्या स्त्रियांच्या पुतळ्यांच्या माळेत बसले. रोमन अक्षरे अर्थहीन व वेडीवाकडी असतील, तर ते देशी सोनाराने केलेले अनुकरण समजावे. तेही टाकाऊ नव्हे.

तिसरा प्रश्न, साल व टांकसाळ कोणती? मोगल नाण्यावर हिजरी सन असतो. त्यातून शेकडा तीन वजा करून 621.5 मिळविले की इसवी सन जवळजवळ कळतो. उदाहरणार्थ, जहांगीराच्या राशिचिन्हांकित नाण्यांचा आरंभ हिजरी 1027 चा. हिशेबाने तो इ. स. 1618 च्या आसपास येतो. माळव्याच्या सुलतानांनी, विशेषतः घियासशाहाने, चौकोनी नाणी पाडली. आपल्या भागात चौकोनी नाणे दिसताच त्याची आठवण व्हावी. गिनीवर साल 1918 असेल, तर घोडेस्वाराच्या खालील जमिनीवर, सालाच्या वर, बारीक ‘आय’ हे रोमन अक्षर भिंगातून शोधावे. ते असल्यास ती गिनी मुंबईच्या टांकसाळीत पाडलेली होय. मुंबईत गिनी पाडली गेली ती त्या एकाच सालची. त्याच वर्षी, त्याच वजनाची, 15 रुपयांची मोहरही तेथे निघाली.

खरे की खोटे?

ठशाने पाडलेल्या नाण्यावरील अक्षरांच्या कडा स्वच्छ व धारदार असतात. साच्यात ओतलेल्या नकलेवर अक्षरे बोथट दिसतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रे आढळतात आणि कडेवर सांध्याची रेषा दिसते. कसोटीवर कस पाहण्यासाठी नाणे घासावे लागते व ओरखडा राहतो. म्हणून त्याऐवजी पाण्यातील वजनाची रीत बरी. नाणे हवेत तोलावे, मग दोऱ्याने पाण्यात लोंबते ठेवून तोलावे; हवेतील वजनाला दोहोंच्या फरकाने भागावे. शुद्ध सोन्याचे उत्तर 19.3 येते, बावीस कॅरटचे साडेसतराच्या आसपास, आणि पितळेचे साडेआठच्या जवळ. 7.98 ग्रॅमची गिनी पाण्यात सुमारे 0.46 ग्रॅमने हलकी भरते. तरीही सोने खरे म्हणजे नाणे खरे, असे नव्हे. नकलाही खऱ्या सोन्याच्या करतात. शेवटचा निर्णय जाणकारावरच सोपवावा.

प्रत कशी ठरवावी

नाण्याची प्रत म्हणजे त्याची आजची अवस्था. 1949 मध्ये अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी तांब्याच्या जुन्या सेंटसाठी 1 ते 70 अशी गुणांची श्रेणी मांडली. तीच आज जगभर रूढ आहे. आपल्या व्यवहारापुरत्या चार पायऱ्या लक्षात ठेवाव्या. केवळ बाह्याकृती व मोठी अक्षरे उरली असतील, तर प्रत सामान्य. सर्व लेख वाचता येतो, पण चेहऱ्याचे केस व वस्त्राच्या चुण्या पुसट आहेत, अशी प्रत ‘फाईन’. उंच भागावरच झीज असून बाकी तपशील शाबूत असेल, तर ‘व्हेरी फाईन’ वा ‘एक्स्ट्रीमली फाईन’. आणि झीज मुळीच नसून टांकसाळीची मूळ झळाळी टिकली असेल, तर ‘अनसर्क्युलेटेड’.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. मोगल व मराठी नाण्यांचा ठसा सोन्याच्या चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे टांकसाळीचे नाव किंवा साल पुष्कळदा नाण्याबाहेर राही. हा झिजेचा दोष नव्हे. अशा नाण्यावर जितका लेख पूर्ण उतरला असेल, तितके त्याचे मोल अधिक. उलट, माळेसाठी झाळलेली कडी, पाडलेले भोक, सराफाने पारखताना मारलेली खूण आणि घासल्याचे बारीक ओरखडे, यांनी प्रत उतरते. झळाळी व प्रत एक नव्हेत. चिंचेने चकाकणाऱ्या नाण्याला जाणकार कमीच मोल देतो.

जतन व पूजा

तर मग पूजा करावी की नाही? अवश्य करावी. परंतु पंचामृताचा अभिषेक नव्या नाण्याला घालावा व जुन्याला फूल आणि अक्षता वाहाव्या. आमच्या अल्पमतीप्रमाणे यात श्रद्धेला काही उणे येत नाही. नाणे नेहमी कडेने धरावे, लेखावर बोट ठेवू नये. चिंच, राख, लिंबू किंवा भांड्यांची पावडर कधीही लावू नये. प्रत्येक नाणे निराळ्या कोऱ्या कागदी पाकिटात ठेवावे; पीव्हीसीची मऊ पाकिटे कालांतराने नाण्यास अपाय करतात. आधीच कडी लावलेली असेल, तर ती काढविण्याचा खटाटोप करू नये; त्याने दुसरा डाग पडतो.

वाटणीच्या वेळी विशेष जपावे. समजा, तीन भाऊ आणि चार नाणी आहेत. वजनाने समान भाग करावयाचे म्हणून सर्व वितळविली जातात. त्याऐवजी प्रत्येक नाण्याची निराळी किंमत करवून ज्याला नाणे हवे त्याने ते घ्यावे आणि इतरांस रोख द्यावे. यात भावाभावांत न्याय होतो व नाणेही वाचते.

कायद्याचीही माहिती असावी. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा 1878 च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ते खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही. परदेशी गेलेल्या मुलाबाळांस आशीर्वाद म्हणून ते देऊ पाहणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 मध्ये रद्द झाला. त्या भयाने नाणे लपवून ठेवण्याचे आज कारण नाही.

स्वाध्याय

येत्या लक्ष्मीपूजनापूर्वी प्रत्येक घराने एक वही करावी. तीत नाण्याचे वजन, व्यास, दोन्ही बाजूंचा लेख, साल, प्रत आणि ते घरात कोणाकडून आले, ही सहा कलमे लिहावी. सोबत दोन्ही बाजूंची छायाचित्रे लावावी. शेवटचे कलम घरातील वृद्धांनाच ठाऊक असते. ते आजच विचारून घ्यावे. तरुणांनी श्यामला हिल्सवरील राज्य संग्रहालयास भेट देऊन जुनी नाणी डोळ्यांनी पाहावी. ज्यांना संग्रह करावयाचा आहे, त्यांनी आरंभी तांब्याच्या शिवराईपासून शिकावे व सोन्याचे नाणे पक्क्या पावतीवाचून विकत घेऊ नये.

ही वही पूर्ण होईपर्यंत घरातील कोणतेही जुने नाणे सोनाराकडे जाऊ देऊ नये, एवढीच आमची सर्व सभासदांस विनंती आहे.