शिष्यवृत्तीचा शोध आणि ग्रंथालय

विद्येला पैसा लागतो, हे कोणी शिकवावे लागत नाही. परंतु पैसा कोठे आहे हे कळण्यासाठीही एक विद्या लागते, ही गोष्ट मला गेल्या वर्षी समजली. आमच्या गावची एक ताई इतिहास घेऊन प्रथम श्रेणीत एम.ए. झाली. तिला पीएच.डी. करायची होती. तिला लागू पडणारी एक अधिछात्रवृत्तीही होती. पण तिची जाहिरात ताईच्या हाती पडली तेव्हा अर्जाची मुदत संपून नऊ दिवस झाले होते. पुढच्या वर्षी अर्ज करू, असे ती म्हणाली. घरी पाठची दोन भावंडे होती; ते पुढचे वर्ष आलेच नाही. आज ती तालुक्याच्या पतपेढीत पावत्या लिहिते. तिच्या बुद्धीत काही उणे नव्हते, कष्टातही नव्हते. उणे होते ते वेळेवर सांगणारे माणूस.

ज्यांचे आईवडील शिकलेले असतात त्यांना असे माणूस घरातच भेटते. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. मी शिकावे म्हणून ते काहीही करतील. पण ‘अधिछात्रवृत्ती’ हा शब्द त्यांनी प्रथम माझ्याच तोंडून ऐकला. मग आमच्यासारख्यांना सांगणारे कोण? ह्या प्रश्नाचा शोध घेताना अमेरिकेतील विद्यापीठ-ग्रंथालयांच्या एका सेवेची माहिती वाचनात आली. तिचा परिचय करून देणे आणि त्यातून आपल्याला काय घेता येईल हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

योगायोगाचा काळ

अमेरिकेत जाऊन शिकणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी तेथे गेल्या. त्यांना आधार देणाऱ्या श्रीमती कार्पेंटर ह्यांना आनंदीबाईंची हकीकत कळली ती केवळ योगायोगाने. दातांच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसल्या असता एका मिशनरी मासिकात छापलेला गोपाळरावांचा पत्रव्यवहार त्यांच्या नजरेस पडला. ते मासिक त्या दिवशी त्यांच्या हाती आले नसते तर?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याचे सयाजीराव महाराज ह्यांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. तिची मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना ह्या मित्राचे कर्ज ह्यांच्या बळावर. एवढ्या थोर बुद्धीच्या माणसालाही पैशासाठी असे थांबावे लागले. शिवाय उदार राजा प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ह्याच सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास बोलावून राज्यात मोफत ग्रंथालये उभारण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले होते. म्हणजे एका हाताने शिष्यवृत्ती व दुसऱ्या हाताने ग्रंथालय. शिष्यवृत्ती शोधण्यासाठीच ग्रंथालय वापरावे, ही व्यवस्था पुढे अमेरिकेत वाढीस लागली.

तेथील व्यवस्था

अमेरिकेत पदव्युत्तर विद्यार्थ्याला पैसा दोन वाटांनी मिळतो. पहिली वाट विद्यापीठातलीच. म्हणजे शिकवण्याच्या कामाचे मानधन, फीमाफी वगैरे. दुसरी वाट बाहेरची. तीत सरकारी योजना आहेत. उदाहरणार्थ, नॅशनल सायन्स फाउंडेशन १९५२ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देत आले आहे. त्याशिवाय हजारो खाजगी प्रतिष्ठाने आहेत. अडचण तेथेच सुरू होते. बहुतेक प्रतिष्ठाने संस्थांना देणगी देतात, एकट्या विद्यार्थ्याला नाही. जी देतात त्यांच्या अटी वेगवेगळ्या. कोणाला विशिष्ट विषय हवा, कोणाला विशिष्ट देशाचे नागरिकत्व. अशा ढिगात आपल्या कामाचे तेवढे निवडायचे म्हणजे धान्यातले खडे वेचण्यासारखेच आहे.

ही निवड सोपी व्हावी म्हणून १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘फाउंडेशन लायब्ररी सेंटर’ ही संस्था निघाली. तिने १९६० मध्ये प्रतिष्ठानांची पहिली मोठी निर्देशिका प्रसिद्ध केली आणि पुढे ठिकठिकाणच्या ग्रंथालयांतून आपले संग्रह वाचकांना खुले केले. २०१९ मध्ये ती दुसऱ्या एका संस्थेशी एकत्र होऊन ‘कँडिड’ झाली. विद्यापीठांची ग्रंथालयेही मागे राहिली नाहीत. इलिनॉय विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ‘आयरिस’ नावाची अनुदानांची सूची चालवली. इतर विद्यापीठे वर्गणी भरून ती वापरीत.

तेथील कायद्याचीही ह्या कामी मदत होते. खाजगी प्रतिष्ठानाला दरवर्षी ‘९९०-पीएफ’ हे विवरणपत्र करखात्याकडे भरावे लागते व ते जनतेला पाहता येते. त्यात कोणाला किती रक्कम दिली ह्याची यादी असते. म्हणजे संस्था काय सांगते एवढेच नव्हे, तर प्रत्यक्षात कोणाला देते हेही विद्यार्थ्याला ताडून पाहता येते.

ग्रंथपाल काय करतो?

ग्रंथपाल पैसे देत नाही आणि अर्जही लिहून देत नाही. तो प्रश्न विचारतो. विषय कोणता? शिक्षणाचा टप्पा कोणता? नागरिकत्व कोठले? पैसा कशासाठी हवा. फीसाठी, प्रवासासाठी, की प्रबंध लिहून पुरा करण्यासाठी? ह्या उत्तरांच्या चाळणीतून शंभर नावांची दहा होतात. मग मुदतीप्रमाणे त्यांची यादी लावायची. अनेक योजनांचे अर्ज अभ्यास सुरू होण्याच्या वर्षभर आधी मागवले जातात, म्हणून शोधही तितका आधी सुरू करावा लागतो. आपले डॉ. रंगनाथन ह्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील एक सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. आमच्या ताईचे नऊ दिवस आठवले की त्या सूत्राचे मोल कळते.

आपल्याकडे काय करता येईल?

आपल्याकडे योजना नाहीत असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘नेट’ परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. बार्टी, सारथी, महाज्योती ह्या संस्था आपापल्या गटांतील संशोधकांना साहाय्य देत आल्या आहेत. परदेशी शिकण्यासाठी केंद्र व राज्य सरकारच्या योजना आहेत. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेला निधीही आहे; मात्र तो कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो, हे अर्जापूर्वी समजून घेतले पाहिजे. हे सारे आहे, पण विखुरलेले आहे.

शोधाची एक युक्ती येथे सांगते. ‘शोधगंगा’ ह्या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतील प्रबंध विनामूल्य वाचता येतात. आपल्या विषयाचे आठदहा प्रबंध काढावेत आणि त्यांतील ऋणनिर्देशाचे पान आधी वाचावे. पुष्कळ संशोधकांनी आपल्याला साहाय्य देणाऱ्या संस्थेचे नाव तेथे लिहिलेले असते. जे काम अमेरिकेत ते विवरणपत्र करते, त्यातले थोडे आपल्याकडे हे पान करू शकते. मिळालेल्या नावाची आजची अट व मुदत मात्र मूळ संस्थेकडूनच तपासून घ्यावी.

महाविद्यालयासाठी माझी सूचना अगदी साधी आहे. आपल्या ग्रंथालयात एक टेबल आणि एक वही असावी. वहीत पाच रकाने असावेत: योजनेचे नाव, कोणासाठी, कशासाठी, लागणारे दाखले आणि शेवटची तारीख. दाखल्यांचा रकाना विशेष महत्त्वाचा, कारण उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला एका दिवसात हाती येत नाही. दर सोमवारी वही तपासावी आणि येत्या दोन महिन्यांतील तारखा फळ्यावर लिहाव्यात. ह्याला मोठा खर्च नाही, नेमाने करणारे कोणी तरी हवे. ग्रंथपाल सरांनी परवानगी दिली तर पहिले वर्षभर ती वही मी लिहीन.

वडिलोपार्जित जमीन असते, तशी वडिलोपार्जित माहितीही असते. ती ज्यांना मिळाली नाही त्यांच्यासाठी ग्रंथालय हेच वाडवडिलांचे घर झाले पाहिजे. आमची ताई अजून सव्वीस वर्षांची आहे. वहीचे पहिले पान भरले की त्याची एक नक्कल मी तिच्या पतपेढीत नेऊन देणार आहे.

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला