तीच मी आहे, सर

नांदेडला आमचं एकच रुग्णालय होतं तोवर बरंचसं तोंडी भागायचं. लातूरला दुसरं निघालं, मध्ये अहमदपूरला तपासणी केंद्र झालं आणि माझ्या टेबलावर फायलींचा ढीग लागला. वॉर्डांच्या मागण्या आणि नोकरभरतीचे कागद संगणकावर न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यातून हाती लागलेलं हे.

1. आधी कागदाच्या मागे फिरा. एका सलाईन स्टँडच्या मागणीमागे मी दोन दिवस फिरलो. सिस्टरनं इंडेंट बुकात लिहिलं, कार्बन कॉपी फाडली. मग इनचार्ज, मेट्रन, स्टोअर, अकाउंट्स, पुन्हा स्टोअर. मधली एक सही कशासाठी, ते कुणालाच सांगता येईना. शेवटी वॉर्डातले एक जुने मामा म्हणाले, "मागं एकदा चादरी गायब झाल्या, तवापासून घ्यायलेत." चादरींचा छडा लागला नाही, सही मात्र सलाईन स्टँडलाही चिकटली. ही चौकशी मी सगळं सुरू झाल्यावर केली, हे कबूल करतो. तोवर त्या साऱ्या सह्या जशाच्या तशा मोबाईलवर आल्या होत्या. उशीर तेवढाच, वर टिंगटिंग.

2. नावाला एकच रकाना ठेवू नका. इथे मी सगळ्यात जास्त मार खाल्ला. लातूर बोर्डाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आईचं नाव वेगळं. आधारवर स्वतःचं नाव आधी. सिस्टरचा जीएनएमचा कोर्स माहेरच्या नावानं झाला, म्हणून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही त्याच नावाची. लग्नानंतर आधार सासरच्या आडनावाचं झालं, पॅन बदलायचं राहून गेलं. पीएफच्या यूएएनला तर आधारशी नाव जुळायलाच हवं. अशाच एका सिस्टरचा अर्ज आमच्या प्रोग्रामनं तीनदा परत पाठवला. चौथ्या दिवशी ती मुखेडहून पहाटेची एसटी धरून दारात उभी. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत टीसी, विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्राची झेरॉक्स. "तीच मी आहे, सर," एवढंच म्हणाली. तिच्याकडे सगळे कागद होते. आमच्या फॉर्ममध्ये ते जोडायला जागा नव्हती.

मग तीन रकाने केले: आधारवरचं, कौन्सिलच्या नोंदणीवरचं आणि आधीचं नाव. फरक दिसला तर अर्ज परत न जाता माझ्याकडे येईल, असंही करून घेतलं. आपल्याकडे लग्न झालेल्या बाईच्या कागदांवर दोन नावं असतात, त्यात तिची चूक नाही, हे प्रोग्राम लिहिणाऱ्या पोराला पटवायला एक दुपार गेली. त्याच्या आईचे कागद काढायला लावले, तेव्हा गप्प झाला.

3. रात्री दोन वाजता सक्शन मशीन बंद पडलं, तर आधी फोन. नोंद सकाळी.

4. तारखा लक्षात ठेवायचं काम यंत्राला द्या, कागद डोळ्यांनीच बघा. डॉक्टरांच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी, त्याला 30 क्रेडिट पॉइंट लागतात. ही आठवण यंत्र न विसरता करतं. पण फाईल चढली की ते हिरवी खूण देऊन मोकळं. एकाच्या नोंदणी प्रमाणपत्राच्या जागी चार महिने परीक्षेचं हॉल तिकीट हिरव्या खुणेसकट बसलं होतं.

5. रुजू होण्याआधीच्या तपासणीचे रिपोर्ट बाकीच्या कागदांच्या फोल्डरात नकोत. हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट स्टोअरच्या माणसालाही उघडता येत होता. कुणी उघडला नाही हे आमचं नशीब.

6. पगाराचा नियम प्रोग्राममध्ये घालण्याआधी जुन्या माणसाला विचारा. ईएसआयसीची पगारमर्यादा 21,000 रुपये. जुलैच्या वाढीत एक टेक्निशियन तिच्या वर गेला आणि प्रोग्रामनं त्याच महिन्यापासून कपात थांबवली. खरं तर एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा सहामाह्या असतात; पगार मध्येच वाढला तरी ती सहामाही संपेपर्यंत कपात चालू राहते आणि माणसाचा विमाही. आमच्या अकाउंटंट काकांच्या डायरीत हे पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. ती डायरी मागायचं कुणाला सुचलंच नव्हतं. सध्या मी ती स्कॅन करायला घेतली आहे. अक्षर लावायला शेजारी काका लागतातच.