बेल्ट ओरडतो तेव्हा

अगं, बेल्ट ओरडला की लगेच बॉनेट उघडायला धावू नकोस. आधी कान दे. केव्हा ओरडतो, किती वेळ ओरडतो आणि कशाने गप्प होतो, एवढं सांगता आलं की निम्मं निदान झालं. गॅरेजमध्ये जाऊन नुसतं "आवाज येतो" म्हणालीस, तर नवा बेल्ट टाकून देतील आणि पंधरा दिवसांनी तोच आवाज पुन्हा तुझ्या मागे लागेल. ओरडतो बेल्ट, पण दोष बऱ्याचदा दुसऱ्याचाच असतो.

तुझ्या मारुती 800मध्ये क्रँकच्या पुलीवरून एक व्ही बेल्ट निघतो आणि वॉटर पंप व अल्टरनेटर दोघांना फिरवतो. एसी असला तर त्याच्या कॉम्प्रेसरचा बेल्ट निराळा. सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर लांब ‘चीं’ येते आणि मिनिटभरात थांबते ना? त्याचं कारण असं, की स्टार्टर मारताना बॅटरीतून ओढलेलं चार्जिंग अल्टरनेटर लगेच भरून काढायला लागतो. तेवढा वेळ तो फिरायला जड होतो आणि ढिला बेल्ट पुलीवरून घसरतो. पावसाळ्यात ओल असते, मग हे जास्तच. खात्री करायची असेल तर गाडी उभ्याने चालू ठेव आणि हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं एकदम लाव. आवाज वाढला, तर बेल्ट घसरतोय.

तुटक, चिमणीसारखी चिवचिव येत असेल आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर तिची लयही वाढत असेल, तर पुल्या एका रेषेत नाहीत असं समज. अल्टरनेटर काढून पुन्हा बसवताना वायसर राहिला किंवा ब्रॅकेट वाकलं, की हे होतं. स्टीलची सरळ पट्टी पुल्यांच्या तोंडाला लावून बघ, तिरकेपणा लगेच दिसतो. आणि घरघर येत असेल तर तो बेल्ट नव्हेच, ते बेअरिंग. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या अंगावर टेकवायचं आणि मूठ कानाशी धरायची. मग तसंच वॉटर पंपाच्या अंगावर. जिथे खरखर मोठी, तिथे चोर. फिरत्या पुलीपासून हात मात्र लांब.

पाण्याची युक्तीही ध्यानात ठेव. गाडी चालू असताना लांबूनच बेल्टच्या आतल्या बाजूवर थोडं पाणी शिंपड. आवाज वाढला तर ताण कमी. क्षणभर बंद होऊन परत आला तर पुल्यांची रेष बघ, नाहीतर बेल्टच्या कडा गुळगुळीत झाल्यात का ते बघ.

आता हात लावायची वेळ. गाडी बंद, चावी तुझ्या खिशात, ओढणी काढून बाजूला, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडलेली. ही तार सोडायचा लोक कंटाळा करतात, पण अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेला बॅटरीचा करंट कायम असतो. तिथे पान्हा टेकला की ठिणगी उडालीच. बेल्ट उलटा पिळून आतली बाजू बघ. आडव्या चिरा, सुटलेले धागे, काचेसारख्या चकाकणाऱ्या कडा, यातलं काहीही दिसलं तर बेल्ट बदल, ताणत बसू नकोस. व्ही बेल्ट पकडतो तो कडांनी. झिजून तो पुलीच्या खाचेत तळाला टेकायला लागला की कितीही ताण, घसरणारच. पुलीच्या खाचेचा तळ लखलखीत दिसला तर हेच झालंय असं ओळख.

बेल्ट चांगला असेल तर ताण बघ. अल्टरनेटर आणि वॉटर पंपाच्या पुल्यांमध्ये बरोबर मध्यावर अंगठा जोरात दाब, दहा किलोचं वजन ठेवल्यासारखा. बेल्ट 6 ते 9 मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त दबला तर अल्टरनेटरचा खालचा बोल्ट थोडा सैल कर, मग लांबट खाचेच्या पट्टीवरचा वरचा. लाकडी दांडा अल्टरनेटरच्या पुढच्या, पुलीकडच्या अंगाला लावून हळू ओढ. मागचं अ‍ॅल्युमिनियमचं आवरण तडकतं, तिथे जोर नको. ताण धरूनच वरचा बोल्ट आवळ, मग खालचा, आणि पुन्हा अंगठ्याने तपास. नवा बेल्ट टाकलास तर दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवून परत बघ, कारण नवा बेल्ट बसताना सैलावतोच.

तारेसारखा कडक ताणलास तर आवाज जाईल हे खरं, पण अल्टरनेटरचं आणि वॉटर पंपाचं बेअरिंग खाशील. दोनशे-चारशे रुपयांच्या बेल्टपायी हजारोंचं काम. म्हणून मी थोडा सैल बेल्ट पत्करतो, कडक नाही.

आणि साबण, मेणबत्ती, पावडर, डिझेल यातलं काहीही बेल्टला चोळायचं नाही. हे सल्ले तुला प्रत्येक चौकात मिळतील. साबणाने दोन दिवस शांतता मिळते आणि मग कडा आणखी गुळगुळीत होतात. डिझेल, रॉकेल, ऑइल ही रबराची वैरी. बेल्टवर ऑइल दिसलं तर ते वरून टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून येतंय की क्रँकच्या ऑइल सीलमधून, ते आधी शोध. गळती तशीच ठेवून नवा बेल्ट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. वॉटर पंपाच्या खालच्या भोकातून कूलंट ठिबकत असेल तर पंपच गेलाय.

इंजिनाच्या बाजूच्या कव्हराखाली दात्यांचा टायमिंग बेल्ट असतो. त्याला तू हात लावायचा नाहीस, ते मिस्त्रीचंच काम.

चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागला, की बेल्ट तुटला असं धर आणि कडेला थांब. जुन्या पद्मिनीत पंखाही बेल्टवरच फिरायचा, त्यामुळे सगळंच एकदम बंद पडायचं आणि कळायचं. तुझ्या 800चा पंखा स्वतःच्या मोटरवर चालतो. तो फिरतोय म्हणून फसू नकोस. पाणी फिरवणारा पंप थांबलेला असतो, आणि तशीच चार-पाच किलोमीटर दामटलीस तर हेड गॅस्केट जाईल. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

गणपतीला कोकणात उतरशील तेव्हा घाटाआधीच एक नवा बेल्ट, 12 आणि 14 नंबरचे पान्हे आणि दांडा डिकीत टाक. बेल्ट घेताना जुन्यावरचा नंबर दुकानदाराला दाखव, अंदाजाने आणू नकोस.