झेंडूची वाट आणि साखरेची कवटी

मुलांनो, दसऱ्याला आपण दाराला झेंडू बांधतो. तो मूळचा कुठला, ठाऊक आहे? दूरच्या मेक्सिको देशातला! तिकडे १ आणि २ नोव्हेंबरला गेलेली माणसे घरी पाहुणी येतात, अशी लोकांची श्रद्धा आहे. १ तारीख लहान मुलांची, २ तारीख मोठ्यांची. पाहुण्यांना वाट सापडावी म्हणून दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्या पसरतात.

घरात पायऱ्यापायऱ्यांची आरास मांडतात. तिला 'ओफ्रेंडा' म्हणतात. वर आजी-आजोबांचा फोटो. खाली मेणबत्त्या, मीठ, गोड पाव आणि पेलाभर पाणी. पाहुणा लांबून दमून येतो ना! वरून कागदी पताका सोडतात. पातळ रंगीत कागदांची चळत रचायची आणि छिन्नी-हातोडीने सगळ्यांवर एकदम नक्षी पाडायची. शेजारी साखरेच्या कवट्या. आपल्या पाडव्याच्या गाठींसारखा पाक साच्यात ओतून त्या करतात. कपाळावर नाव लिहितात. घाबरायचे नाही बरं का, तिकडची मुले त्या खातातसुद्धा!

तिथल्या चित्रांतल्या कवट्याही हसऱ्या असतात. होसे ग्वादालूपे पोसादा (१८५२–१९१३) हे चित्रकार धातूच्या पत्र्यावर चित्रे कोरत. ती स्वस्त कागदांवर छापून विकली जात. त्यांची एक कवटी फार गाजली. डोक्यावर पिसांची भली मोठी टोपी! श्रीमंतीचा तोरा मिरवणाऱ्यांची ती थट्टा होती. टोपी कितीही भारी असली, तरी खाली सगळ्यांची हाडे सारखीच.

पोसादा गरिबीत वारले. त्यांची हाडे मागायला कोणी आले नाही, म्हणून ती सामाईक खड्ड्यात गेली. त्यांना स्वतःची कबर उरली नाही. पण १९४७ साली दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरातल्या एका हॉटेलात मोठे भिंतीचित्र काढले. त्यात ती टोपीवाली कवटी मधोमध उभी आहे. तिच्या एका हातात पोसादांचा हात आहे, दुसऱ्या हातात लहानग्या दिएगोचा! १९८५ च्या भूकंपात हॉटेल मोडकळीस आले, पण चित्र वाचले. आज ते संग्रहालयात आहे.

आता तुमचे काम. तुमच्या घरातले एक गेलेले माणूस निवडा. त्यांना काय आवडायचे, ते घरी विचारा. कागद, पाने, फुले, माती यांतून त्याची आरास करा आणि खाली त्यांचे नाव लिहा. नाव मात्र विसरू नका.