जुन्या वास्तूंची निगा

पूर्वजांनी मागे ठेवलेले धन दोन प्रकारचे असते. एक पेटीत राहते, दुसरे ऊनपावसात उभे असते. पहिल्याला कुलूप पुरते. दुसऱ्याला दरसाल माणसाचा हात लागतो. या दुसऱ्या धनाचा विचार आपण येथे करू.

आपण संतपूरकर कामाधंद्यासाठी बीदरला जातो, पण तेथील महमूद गावानचा मदरसा बहुधा बाहेरूनच पाहतो. बहामनी राज्याच्या या इराणी वजिराने तो इ. स. १४७२ मध्ये बांधला. तीन मजले, रंगीत चिनी फरशांची नक्षी, विद्यार्थ्यांच्या खोल्या, ग्रंथालय असा त्याचा थाट होता. पुढे मोगल अमलात विद्येच्या त्या घरात दारूगोळा ठेवला गेला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस स्फोट होऊन दर्शनी भागाचा मोठा हिस्सा ढासळला. वास्तूचा मूळ हेतू सुटला, की तिच्या आयुष्याला धोका पोहोचतो, हा यातला पहिला धडा.

याउलट बीदरजवळच्या अष्टूर येथील अहमदशहा वलीची कबर पाहा. तेथे हिंदू व मुसलमान दोघेही श्रद्धेने जातात आणि उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे भरतो. लोकांचा राबता असल्यामुळे ती जागा कधी ओस पडली नाही. मात्र श्रद्धेलाही शिस्त हवी. दिव्यांचा धूर, तेलाचे हात आणि भिंतीवर कोरलेली नावे आतील रंगकामाचा घात करतात.

आफ्रिकेतील माली देशात जेने गावची मशीद मातीची आहे. आजची इमारत १९०७ सालची. पावसाने तिचा गिलावा झिजतो, म्हणून सारा गाव दरवर्षी एकत्र येऊन तो नव्याने लिंपतो. जागतिक वारशाच्या यादीत १९८८ मध्ये नाव आले, तरी माती कालविणारे हात गावाचेच आहेत.

आपल्या देशात १९५८ चा कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंना संरक्षण देतो. २०१० च्या दुरुस्तीने अशा वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध झाले. परंतु खेड्यातील जुनी विहीर, मठ, दर्गा किंवा वाडा बहुधा कोणत्याच यादीत नसतो. त्यांचा वाली आपणच.

यासाठी फार पैसा लागतो असे नाही. पावसाळ्यापूर्वी छतावरील पन्हळी मोकळ्या कराव्यात, कारण भिंतीत मुरणारे पाणी हा पहिला शत्रू होय. पिंपळाचे रोप कोवळे असतानाच काढावे. मूळ जाड झाल्यावर ओढले, तर दगडही निखळतो. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापू नये. सिमेंट ओल आत कोंडते आणि जुना चुना भुसभुशीत होतो. दुरुस्तीपूर्वी छायाचित्रे काढून ठेवावीत.

वक्फात किंवा देवस्थानाच्या इनामात उत्पन्नाचा एक वाटा डागडुजीसाठी राखून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. आपल्या न्यासाने या महोत्सवी वर्षी तीच रीत उचलावी आणि दर ज्येष्ठात गावातील एका जुन्या वास्तूची पाहणी नेमून द्यावी, अशी आमची सूचना आहे. नवे बांधण्याचे पुण्य मोठे खरे, पण आधीचे पडू न देण्याचे पुण्यही लहान नाही.