बुरशी : शत्रू की मित्र?

विषय जरा खाजगी आहे. पण हॉस्टेलमध्ये खाजगी असे काही उरतच नाही, म्हणून सांगूनच टाकतो. मागच्या पावसाळ्यात मला गजकर्ण झाले.

चंद्रपूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. आठ-आठ दिवस जीन्स वाळत नाही आणि सकाळचे लेक्चर काही थांबत नाही. ओली जीन्स तशीच चढवायची, दिवसभर ती अंगावरच वाळवायची. व्हायचे तेच झाले, जांघेत खाज सुटली. रूममेटने सल्ला दिला, "अबे, मेडिकलमधून ट्यूब आण, दोन दिवसांत गायब!" डॉक्टरची चिठ्ठी न दाखवता ट्यूब मिळाली आणि खरेच, दोन दिवसांत खाज गायब. तीन आठवड्यांनी परत आली ती पार पोटापर्यंत. मी पुन्हा तीच ट्यूब लावली. दिवाळीत नागभीडकडच्या आमच्या गावी गेलो. घरात टॉवेल सगळ्यांचा एकच. महिन्याभराने आईचा फोन आला की धाकटीच्या मानेवर गोल चट्टा उठला आहे. तेव्हा मात्र स्वतःचीच लाज वाटली आणि डॉक्टर गाठले.

डॉक्टरांनी ट्यूब उलटून वाचली. "यात बुरशीचे औषध आहे आणि सोबत स्टेरॉइडही आहे. म्हणजे तू चोर पकडायला माणूस पाठवला आणि घरच्या राखणदाराला झोपेची गोळी दिली!" स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते, पण त्वचेची लढायची ताकदही दबते. बुरशी आतल्या आत पसरत राहते. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्येच केला आहे. आम्ही घेणारे मात्र तो वाचत नाही.

त्या दिवसापासून मी बुरशीबद्दल वाचायला लागलो. मेकॅनिकलच्या पोराने बुरशी काहून वाचावी, असे विचाराल तर पुढे वाचा.

बुरशीवर औषध शोधणे अवघड का?

बुरशी ही वनस्पती नाही. तिच्यात हरितद्रव्य नसते, म्हणून ती स्वतःचे अन्न स्वतः तयार करत नाही. ती अन्नावर पाचक रस सोडते आणि विरघळलेले शोषून घेते. म्हणजे जेवणाआधी पचन! तिच्या पेशीला काईटिनची भिंत असते. हेच काईटिन खेकड्याच्या कवचातही असते.

जिवाणूची पेशी आपल्या पेशीहून फार वेगळी असते, त्यामुळे त्याला मारणारी औषधे बरीच सापडली. बुरशीची पेशी मात्र आपल्या पेशीशी पुष्कळ जुळते. एक मोठा फरक असा, की आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते आणि बुरशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल. बहुतेक औषधांचा नेम याच फरकावर असतो. हत्यारे मोजकीच, म्हणून ती अर्धवट वापरणे महागात पडते. आज आपल्या देशात ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची गजकर्णाची बुरशी पसरली आहे. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. तिच्या नावातच आपला देश आहे, ही काही मिरवायची गोष्ट नाही.

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात अनेकांचे डोळे, जबडे आणि प्राण घेतले. ही बुरशी माती, शेण, शिळी भाकर अशा कुठल्याही ठिकाणी असते. धडधाकट माणसाला ती सहसा काही करत नाही. पण अनियंत्रित साखर आणि भरमसाट स्टेरॉइड यांनी तिला दार उघडून दिले. माझ्या ट्यूबची चूक आणि ही चूक एकाच जातीची, फक्त किंमत वेगळी. त्यावरचे ॲम्फोटेरिसिन-बी इंजेक्शन मिळेनासे झाले, तेव्हा त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या शेजारच्या वर्ध्यात जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीने त्याचे उत्पादन सुरू केले.

धानावरचा करपा : ८० बारचा प्रेशर

आता इंजिनिअरिंगकडे येतो. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही आणि पुढे सगळा गडचिरोली हा धानाचा पट्टा. इथे ढगाळ हवा आणि रात्रीचे दव पडले, की पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके दिसतात. कडा तपकिरी, मध्ये राखाडी. हाच करपा. लोंबीच्या मानेवर आला तर लोंबी तिथेच मोडते आणि दाणा भरत नाही.

ही बुरशी पानात शिरते कशी, ते ऐका. बीजाणू पानावर चिकटतो, रुजतो आणि टोकाला एक घुमटासारखी पेशी तयार करतो. त्या पेशीच्या भिंतीला मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याचे अस्तर असते. आत ग्लिसरॉल साठते, ऑस्मोसिसने पाणी आत ओढले जाते आणि अस्तरामुळे ग्लिसरॉल बाहेर निसटत नाही. दाब वाढत वाढत ८० बारपर्यंत जातो. कारच्या टायरमध्ये साधारण २ बार असतो, त्याच्या चाळीसपट! त्या दाबाने एक बारीक खिळा पानात ठोकला जातो. ट्रायसायक्लाझोल हे औषध फक्त ते काळे अस्तर तयार होऊ देत नाही. बॉयलर गळका झाला की खिळा ठोकला जात नाही. शत्रूचे डिझाइन समजले, म्हणून औषधाचा नेम लागला.

आमच्या बाबांनी एका वर्षी पिवळे पडणारे धान पाहून युरिया वाढवला. धान हिरवेगार झाले, शेजारी थांबून पाहत. पण जास्तीच्या नत्राने पाने लुसलुशीत झाली आणि करपा दुप्पट जोमाने आला. अर्धी बांधी गेली. ओळख न पटवता केलेला उपाय रोगालाच खाऊ घालतो, हे बाबा माझ्या आधी शिकले होते. मी त्यांना कधी विचारले नाही, एवढेच.

आणि आता मित्र

पावसाळ्यात आमची आजी जंगलातून सात्या आणते. या अळंब्या वाळवीच्या वारुळावर उगवतात. वाळवी लाकूड चावून आत बुरशीची शेती करते, कारण बुरशीने मऊ केलेले लाकूडच तिला पचते. आजीचा कायदा कडक आहे, "वारुळावरची अन् मी दाखवली तेवढीच तोड गा, बाकीच्याले हात नोको लावू." लसूण काळी पडली नाही म्हणजे अळंबी चांगली, ही समजूत चूक आहे. काही अळंब्यांचे विष शिजवूनही जात नाही. ओळखणारे माणूस सोबत नसेल, तर खायचीच नाही.

ट्रायकोडर्मा ही तर बुरशी खाणारी बुरशी. धानानंतर हरभरा घेताना ती बियाण्याला चोळतात. मर रोगाच्या बुरशीला ती मातीतच विळखा घालते आणि काईटिनची भिंत विरघळवते.

मोहफुलांतली साखर आंबवणारे यीस्टही बुरशीच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. पण कायदा माणसांना लागतो, यीस्टला नाही! तेच यीस्ट आपल्या मेसमधला पाव फुगवते.

सगळ्यात मोठा मित्र म्हणजे पेनिसिलियम. १९२८ मध्ये फ्लेमिंगला त्याचा गुण दिसला. पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलिन बनू लागले. आपल्याकडे त्याचे मोल वेगळेच आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या अनेक आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आहे. या आजारात बाळाची प्लीहा लवकर निकामी होते आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. म्हणून पाच वर्षांचे होईपर्यंत अशा बाळांना रोज पेनिसिलिन देतात. एका बुरशीने धाकटीच्या मानेवर चट्टा उठवला, आणि दुसरीच्या आधारावर गावोगावची लेकरे मोठी होत आहेत.

शेवटी हॉस्टेलवाल्यांसाठी

१. टॉवेल आणि अंतर्वस्त्रे स्वतःची, तीही वाळलेली. मैत्री बाकी गोष्टींत दाखवावी.
२. ओली जीन्स घालण्यापेक्षा जुनी सुती पँट बरी.
३. खाज सुटली तर मेडिकलमध्ये नाही, डॉक्टरकडे जा. ट्यूब घेतलीच असेल, तर तिच्यावरची नावे वाचा.
४. खाज थांबली म्हणून औषध थांबवू नका. डॉक्टर सांगतील तेवढे दिवस पूर्ण करा.

मला दोन महिने लागले, धाकटीला एक. आता ती बरी आहे आणि फोनवर रोज विचारते, "दादा, जीन्स वाळली का?"

बुरशी शत्रू की मित्र, याचे उत्तर तिच्याइतकेच आपल्यावरही अवलंबून आहे. आधी ती कोणती, तिला काय हवे, हे ओळखायचे. औषध आणि मैत्री, दोन्ही त्याच्या नंतर.