वाईट स्वप्नं आणि दहावीचा पेपर

परीक्षा जवळ आली की वस्तीतली एखादी आई हळूच विचारते, “ताई, पोरगी रात्री किंचाळून उठते. नजर लागली असेल का?” नाही. अंगारा-धुपारा नको. हे मनाला झालेल्या जखमेचं दुखणं असू शकतं.

दहावीतली एक मुलगी आठवते. दोन वर्षांपूर्वी तिच्या घरावर बुलडोझर चालला होता. दप्तर ढिगाऱ्याखाली गेलं. पूर्वपरीक्षेच्या दिवसांत तिला रोज तेच स्वप्न पडू लागलं: मशीन येतंय आणि दप्तर सापडत नाही. घरी धडाधडा सांगितलेलं उत्तर पेपर हातात आला की आठवेना. शेजारी म्हणाले, अभ्यासच करत नाही.

असं का होतं? दिवसा वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. भीतीने झोप मोडली, किंवा स्वप्नाच्या धास्तीने मूल झोपणंच टाळू लागलं, तर अभ्यास कच्चा राहतो. शिवाय आघात सोसलेला मेंदू सतत धोक्याची चाहूल घेत असतो. परीक्षेच्या ताणाने छाती धडधडते, हात गार पडतात, येत असलेलंही सुचत नाही. हा आळस नव्हे, बुद्धीची कमतरताही नव्हे.

घरात काय करावं?

१. मूल दचकून उठलं तर रागावू नका. दिवा लावा, नाव घेऊन सांगा, “तू घरी आहेस, मी जवळ आहे.” खोदून विचारू नका.

२. तेच स्वप्न परत परत पडत असेल तर दिवसा त्याचा शेवट बदलून लिहायला सांगा. दप्तर सापडलं, आई भेटली. हा नवा शेवट रोज थोडा वेळ डोळ्यांसमोर आणावा.

३. या वयात ८ ते १० तास झोप लागते. चहा पिऊन जागरण नको. घर एका खोलीचं असलं तरी रात्री टीव्ही लवकर बंद करता येतो.

४. पेपर हाती आल्यावर पाय जमिनीला टेकवून पाच श्वास सावकाश घ्यावेत, सावकाश सोडावेत. सोपा प्रश्न आधी सोडवावा.

कधी आघात घरातलाच असतो: दारू, मारहाण, नको तो स्पर्श. मूल सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवा. मदतीसाठी चाइल्डलाइन १०९८.

त्रास महिनाभर टिकला तर सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या. मूल मरणाची भाषा बोललं तर एक दिवसही थांबू नका, त्याला एकटं सोडू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तो आजच भिंतीवर लिहून ठेवा.